परळची तारीख

(दादर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छपाईसाठी थोडी काटछाट केली आहे.)



विषय कळवला त्याच संध्याकाळी कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, "सर, कॅन्सरवर बोलायचंच तर नव्या औषधांवर बोला, आहारावर बोला, लोक येतील. अपॉइंटमेंटवर तासभर काय सांगणार?" शंका रास्त होती, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत हे मला दिसतंच आहे. पण मी पडलो संख्याशास्त्राचा मास्तर. औषधांवर बोलायचा मला अधिकार नाही. रांगांवर बोलायचा थोडाफार आहे, कारण रांगांचं गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. आणि ज्या रांगेबद्दल बोलायचंय ती इथून फार लांब नाही. दादर टीटीवरून निघा, हिंदमाता ओलांडा, वाडिया हॉस्पिटलच्या अंगाने केईएमकडे वळा. पदपथावर चटया, पाण्याच्या बाटल्या, एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या आणि तोंडाला फडकं बांधलेली माणसं दिसू लागली की समजायचं, टाटा आलं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात 'त्यांना टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. मेहेरबाई टाटा १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पाठोपाठ १९३२मध्ये त्यांचे पती दोराबजी गेले, आणि दोराबजींच्या नावच्या विश्वस्त निधीने उभारलेलं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालं. तेव्हा खाटा ८० होत्या आणि वर्षाचा खर्च ५ लाख रुपये. १९५७मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं, १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. आज खाटा सहाशेवर आहेत आणि बाह्यरुग्ण विभागात रोज हजारावर माणसं येतात.

रुग्णालय खाटांवरून मोजायची आपली जुनी खोड आहे. कर्करोगात ती फसवते. केमोथेरपीचा बराच भाग आणि रेडिएशनचा, म्हणजे रुग्ण ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात त्याचा, जवळजवळ सगळाच भाग येऊन-जाऊन होतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक. केमो बऱ्याचदा दर २१ दिवसांनी. मग तपासण्या: पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. एका माणसाच्या एका आजारात किती 'तारखा' येतात याचा हिशेब घरी गेल्यावर मांडून पाहा. त्यातल्या प्रत्येक तारखेला तो माणूस डॉक्टरांसमोर काही मिनिटं असतो आणि बाकावर काही तास.

आता एक दिवस जरा जवळून बघू. रुग्णालय कुठलं ते सांगणार नाही. मुंबईत कर्करोगाची रुग्णालयं बरीच आहेत, आणि गोष्ट त्यांपैकी पुष्कळांना लागू पडेल.

चोपडा तालुक्यातली बाई, स्तनाचा कर्करोग, सोबत धाकटा भाऊ. बसायला जागा नव्हती म्हणून तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. साडीच्या दुकानाच्या पिशवीत फाइल, फाइलला रबरबँड, रबरबँडखाली टोकनची चिठ्ठी. मी विचारलं, "वेळ किती वाजताची दिलीय?"

"अकराची, काका."

"मग पहाटे सहाला का आलात?"

तो माझ्याकडे बघून हसला. शहाण्यासुरत्या माणसाने असा प्रश्न विचारावा याचं ते हसू होतं. "अकराला आलो तर नंबर शंभराच्या पुढं लागतो ना काका."

पुढचा क्रम असा. सातला रक्त दिलं. रिपोर्ट यायला साडेअकरा. पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत असं डॉक्टरांनी बघून सही करेपर्यंत एक वाजून गेला. मग फार्मसीची खिडकी, पैशांची खिडकी, औषध मिसळायच्या खोलीत कागद जाणं. डे-केअरमध्ये खुर्ची मिळाली साडेतीनला. तिचं औषध तीन तास सावकाश चढवायचं असतं, शिवाय त्याआधी रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून इंजेक्शनं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, आज होणार नाही. उद्या सकाळी लवकर या." सिस्टरांचा काही दोष नव्हता, त्यांची पाळी संपत आली होती. मावशींनी त्या बाईच्या हातातली पट्टी सोडवली. भावाने रात्रीच्या गाडीचं तिकीट खिशातून काढलं, एकदा पाहिलं आणि परत ठेवलं.

या सगळ्यात डॉक्टरांनी तिला दिलेला वेळ सहा-सात मिनिटांचा असेल.

रुग्णालयांतली कारभारी मंडळी सांगतात, लोकांना शिस्त नाही, वेळ द्या नाहीतर देऊ नका, ते पहाटेच येणार. त्या भावाचं उत्तर ऐकल्यावर मला हे पटत नाही. चिठ्ठीवर वेळ अकराची असते, पण आत सोडतात आलेल्या क्रमाने. एका दारावर दोन नियम चालतात आणि त्यांत नंबरच जिंकतो, हे परळला पहिल्यांदा आलेला शेतकरीही दोन फेऱ्यांत ओळखतो. तो लवकर येतो तो हिशेबी आहे म्हणून. मग सगळेच लवकर येतात, सकाळी आठला दिवसभराची गर्दी दारात उभी राहते, आणि गर्दी बघून कारभारी म्हणतात, वेळा देऊन उपयोग नाही.

रांगांचं शास्त्र जन्मलं टेलिफोनच्या धंद्यात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला एर्लांग नावाचा गणिती, त्याने १९०९मध्ये पहिला निबंध लिहिला. पण रुग्णालयाच्या बाकाकडे कुणी गणिती नीट वळला तो १९५२मध्ये, इंग्लंडमध्ये. नॉर्मन बेली त्याचं नाव. तेव्हाची तिकडची पद्धत आपल्यासारखीच होती: सगळ्यांना एकदम बोलवा, म्हणजे डॉक्टरसाहेबांचं मिनिटही रिकामं जायला नको. बेलीने सुचवलेला उपाय इतका साधा होता की हसू यावं. सुरुवातीच्या वेळेला दोन रुग्ण बोलवा, पुढे एकेकाला सरासरी तपासणीला जितका वेळ लागतो तितक्या अंतराने.

आकडे घालून बघू. डॉक्टर ३० रुग्ण बघतात, प्रत्येकाला सरासरी ८ मिनिटं, म्हणजे एकूण चार तास. सगळ्यांना नऊला बोलावलं तर सरासरी रुग्ण ११६ मिनिटं थांबतो. तिसांचे मिळून ५८ तास होतात, आणि प्रत्येकासोबत एक नातेवाईक धरला तर ११६. तेवढे तास माणसं नुसती बसतात, तेही ज्यांच्या तोंडात फोड आहेत, ज्यांना मळमळतं, ज्यांना संडासला वारंवार जावं लागतं अशी माणसं. बेलीच्या पद्धतीने बोलावलं आणि प्रत्येकाला नेमकी ८ मिनिटंच लागली, तर थांबणं ८ मिनिटांच्या आसपास राहतं. खऱ्या आयुष्यात कुणाला तीन मिनिटं लागतात, कुणाला पंचवीस, त्यामुळे आकडा वाढतो. पण तो दोन तासांजवळ पोचत नाही. डॉक्टर आधीइतकेच रुग्ण बघतात, खोलीही तीच राहते.

इथे एक धोक्याची खूण दाखवतो. रुग्ण वेळेविना, जसे सुचेल तसे येत असतील आणि डॉक्टरांचा ८० टक्के वेळ भरलेला असेल, तर याच ८ मिनिटांच्या हिशेबाने सरासरी थांबणं ३२ मिनिटं निघतं. ९५ टक्के भरला की १५२. शेवटचे ते पंधरा टक्के 'बसवून टाकले' की थांबणं जवळपास पाचपट. "अजून चार जणांना घ्या हो डॉक्टर," ही विनंती भल्या मनाने केलेली असते. तिची किंमत ते चार जण मोजत नाहीत, सगळा बाक मोजतो.

पण परळच्या बाकावर सगळ्या प्रकारचे रुग्ण एकत्र बसलेले असतात, ही अडचण बेलीच्या सूत्राने सुटत नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला अर्धा-पाऊण तास लागतो: गावाकडच्या स्लाइड, जुनं स्कॅन, आधी कुणीतरी अर्धवट केलेलं ऑपरेशन. तपासणीला आलेल्याला चार मिनिटं पुरतात. या दोघांना एकाच रांगेत उभं केलं की चार मिनिटांवाल्याचा दिवस जातो. लालबागकरांना हे मी शिकवायला नको. लालबागच्या राजाच्या दरबारात नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, हे आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी कुठल्याही विद्यापीठात न जाता ठरवलं. नवे रुग्ण, तपासणीचे रुग्ण, केमोच्या आधीचे रुग्ण या तीन ओळी वेगळ्या वेळांना किंवा वेगळ्या दारांना लावणं म्हणजे तेच.

केमोची ओळ सगळ्यांत गुंतागुंतीची, म्हणून तिच्यापाशी थोडं रेंगाळतो. केमो देण्याआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, बघाव्याच लागतात. साधारण १५००च्या खाली असतील तर बहुतेक वेळा डोस पुढे ढकलतात. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत औषध मिसळायला घेत नाहीत. मिसळलं आणि रुग्णाला देता आलं नाही, तर महागडं औषध वाया जाऊ शकतं. म्हणजे सकाळी सात ते दुपारी तीन हा सगळा वेळ एका रिपोर्टवर टांगलेला असतो. तो रिपोर्ट आदल्या दिवशी आला तर? रक्त आदल्या दिवशी चोपड्यात, बार्शीत, चिपळूणला काढावं, रिपोर्ट फोनवर यावा, सिस्टरने तो बघून "या" किंवा "आठवडाभर थांबा" असं कळवावं. ज्यांच्या पेशी कमी आहेत ते गाडीतच बसणार नाहीत. जे येतील त्यांचं औषध सकाळी मिसळायला लागेल. काही डॉक्टर म्हणतील, बाहेरच्या लॅबचा भरवसा नाही. शंका योग्य आहे. मग भरवशाच्या लॅबची यादी करा. टाटाच्या पुढाकाराने २०१२मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरची रुग्णालयं जोडलेली आहेत. अशी यादी करायला याहून बरी जागा कुठली?

दुसरी गोष्ट खुर्च्यांची. डे-केअरला खुर्च्या वाढवल्या की काम होतं असा समज आहे. पण सुई टोचून केमो सुरू करायला सिस्टरला काही मिनिटं लागतात, आणि त्या वेळी तिला दुसरीकडे बघता येत नाही. नऊ वाजता बारा खुर्च्यांवर बारा जण बसवले आणि सिस्टर दोन असल्या, तर दहा जण खुर्चीत बसून थांबतात, बाकाऐवजी रेक्झिनवर, एवढाच फरक. वेळापत्रक खुर्च्यांवर बेतण्यापेक्षा सिस्टरच्या हातांवर बेतावं. लांब चालणारी औषधं आधी लावावीत, तासाभराची दुपारी. चोपड्याच्या बाईंना तीन तासांचं औषध होतं. त्यांचा नंबर खरं तर सकाळचा होता.

आणि ज्या भेटीची गरजच नाही ती भेट? तिचं वेळापत्रक करण्यात हुशारी कसली? इथे डॉक्टरांनी गणितवाल्यांपेक्षा मोठं काम केलं आहे. टाटामधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या बऱ्या न होणाऱ्या कर्करोगात घरी घ्यायच्या स्वस्त गोळ्या आणि शिरेतून द्यायचं सिस्प्लॅटिन यांची तुलना केली. २०२०मध्ये ती 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आली. गोळ्या घेणारे रुग्ण सरासरी जास्त जगले, साडेसात महिने विरुद्ध सहा महिन्यांच्या थोडं वर. सलाईनची खुर्ची नाही, दर वेळचा प्रवास नाही. स्तनाच्या कर्करोगात शेकाचे दिवस २५वरून १५वर आले, तेव्हा प्रत्येक रुग्णामागे यंत्रावरच्या दहा जागा मोकळ्या झाल्या. असली सुधारणा कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आवाक्यातली नाही.

पण सोयीचं ते चांगलंच असं समजून चालणारे आहेत त्यांना त्याच डॉक्टरांचा दुसरा अभ्यास दाखवावा लागेल. डोक्या-मानेच्या कर्करोगात शेकासोबत सिस्प्लॅटिन दर आठवड्याला थोडं थोडं देणं सोयीचं पडतं, डे-केअरमध्ये उरकतं, म्हणून ती पद्धत रुळली होती. त्यांनी ३०० रुग्णांवर ताडून पाहिलं आणि २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: दर तीन आठवड्यांनी मोठा डोस दिलेल्यांमध्ये रोग दोन वर्षांनी आटोक्यात राहण्याचं प्रमाण ७३ टक्के, आठवड्याच्या डोसमध्ये ५८. त्रास मोठ्या डोसचा जास्त होता, तरीही. वेळापत्रक आखणाऱ्याने आपली पायरी ओळखून राहावं हे मी या अभ्यासावरून शिकलो.

आता मला जे खरं म्हणायचं आहे त्याकडे येतो. थांबणं दोन जागी असतं. एक बाकावरचं, ते डोळ्यांना दिसतं. दुसरं घरातलं, तारीख लागेपर्यंतचं, ते कुणालाच दिसत नाही. कुठल्याही रुग्णालयाला आपला बाक उद्याच्या उद्या रिकामा करून दाखवता येईल: रोज निम्म्याच तारखा द्यायच्या. हॉल शांत, एसी गार, पाहुण्यांना दाखवायला छान. आणि उरलेले अकोल्यात, नांदेडला घरी बसून गाठ वाढताना बघतील. २०२०मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जगभरच्या अभ्यासांचं संकलन आलं. शस्त्रक्रियेला चार आठवड्यांचा उशीर झाला, की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत, मार्च ते मे या तीन महिन्यांत, ग्रिडमधल्या ४१ रुग्णालयांतली नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी घटली होती. बाक तेव्हा रिकामे होते. म्हणून गर्दीचा फोटो छापून रुग्णालयाला धारेवर धरणाऱ्या बातम्या मला अर्धवट वाटतात. आलेल्याला आत घेणारं रुग्णालय गजबजलेलं असणारच. प्रश्न त्या गर्दीतला किती वेळ उपचारासाठी लागला आणि किती फुकट गेला, हा आहे.

तो फुकटचा वेळ कमी झाला की जागाही मोकळी होते. हिशेब सोपा आहे. दहा तासांच्या दिवसात हजार रुग्ण येतात आणि प्रत्येक जण पाच तास राहतो, तर कुठल्याही क्षणी सरासरी ५०० रुग्ण आवारात असतात, नातेवाईक धरून हजार. मुक्काम अडीच तासांवर आला तर नातेवाईक धरून ५००. वीटही न रचता अर्धं आवार रिकामं. परळच्या जागेचा भाव माहीत असलेल्यांनी हा आकडा लिहून घ्यावा.

आणि 'उद्या या' म्हटलं की ती रात्र कुठे काढायची, हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नसतं. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. तिथे जागा मिळाली तर नशीब. २०२१मध्ये म्हाडाने करी रोडजवळच्या इमारतींतली शंभर घरं टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरवलं. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती आली, आणि बदल्यात बॉम्बे डाइंगच्या जागेतली घरं द्यायचं ठरलं. त्या वादात आपण सगळ्यांनी मतं दिली. प्रत्येक चुकलेल्या वेळेमागे शहराला एक जास्तीची रात्र पुरवावी लागते, हा मुद्दा मात्र कुणी काढला नाही.

रेल्वेबद्दल बोललो नाही तर विषय अर्धा राहील. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला ७५ टक्के. फार चांगली योजना. पण आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि केमोची पुढची तारीख मिळते २१ दिवस आधी. तोवर गीतांजली, महानगरी सगळ्या भरलेल्या. तत्काळमध्ये सवलत चालत नाही. म्हणजे सरकारने फुकट दिलेलं तिकीट रुग्णालयाच्या तारखेमुळे हातचं जातं, आणि गरीब माणूस जनरल डब्यात संडासाशेजारी बसून केमोला येतो. रेल्वे आणि अणुऊर्जा, दोन्ही खाती केंद्र सरकारचीच. उपाय अवघड नाही. सहा डोस ठरले त्याच दिवशी सहाही तारखा, 'बदलू शकतात' असा शिक्का मारून, एका कागदावर छापून द्या. त्या तारखा ठरवताना अनंत चतुर्दशी आणि हिंदमाताला पाणी भरायचे महिने लक्षात घ्या, एवढंच म्हणेन. परळच्या वेळापत्रकाने परळ माहीत असल्यासारखं वागावं.

वेळ मोबाइलवर दिली की काम संपलं असंही नाही. ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याला मराठीच वाचता येतं किंवा तेही नाही, त्याला त्याच्या भाषेत फोन करणारं माणूस लागेल. नाहीतर मोबाइलवाले वेळेवर आत जातील आणि पहाटे सहाची रांग तशीच राहील, अधिक गरीब होऊन.

हे सगळं करायचं कुणी आणि सुरुवात कुठून, असं विचारलंत तर माझं उत्तर घड्याळापासून सुरू होतं. घड्याळाचा या भागातला इतिहास चांगला नाही, याची जाणीव ठेवून सांगतो. गिरणीत वेळ मोजणारा माणूस आला तो विणकराला दोनांऐवजी तीन साचे सांभाळायला लावायला, आणि १९२८चा सहा महिन्यांचा संप लालबाग-परळच्या म्हाताऱ्यांनी त्यासाठीही सोसला. डॉक्टर आणि सिस्टर स्टॉपवॉच बघून बिचकतील तर मी त्यांना दोष देणार नाही. म्हणून मोजायचं ते रुग्णाच्या बाजूने. रुग्णाच्या हातात एक कार्ड, त्यावर आल्याची वेळ, रक्त दिल्याची, डॉक्टरांकडे गेल्याची, खुर्ची मिळाल्याची आणि निघाल्याची. कार्डावर डॉक्टरांचं नाव छापायचं नाही, सिस्टरचंही नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधली मुलं, रुईया-कीर्तीतली संख्याशास्त्राची मुलं हे काम प्रोजेक्ट म्हणून करू शकतात. काहींशी मी बोललो आहे, तयार आहेत. एक ओपीडी घ्यावी, एकच वार घ्यावा. सोमवार नको, त्या दिवशी शनिवार-रविवारचं साचलेलं सगळं येतं आणि आकडे बिघडतात. बुधवार बरा. परवानगीसाठी अर्जाचा मसुदा माझ्याजवळ तयार आहे, आणि आपल्यात कुणी रुग्णालयाच्या समितीवर असतील तर त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावं.